२५ आकडी एकच संख्या, आणि तिच्यापुढे रस्ताच नाही

शिकवणीवाली (सुदामानगर, इंदूर), रविवार रात्री

नमस्कार मंडळी, खूप दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. आधी संख्या लिहिते मग बाकीचं.

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

मोजून २५ आकडे आहेत. आता डावीकडून पहिले दोन आकडे घ्या, ३६, दोनने भाग जातो. पहिले तीन, ३६०, तीनने जातो. ३६०८ चारने. ३६०८५ पाचने. ३६०८५२ सहाने. सात आकडे घेतले की ३६०८५२८, त्याला सातने भागलं तर बरोब्बर ५१५५०४, बाकी शून्य. असं करत करत पहिले चोवीस आकडे चोवीसने आणि अख्खी संख्या पंचवीसने, मधे एकही पायरी निसटत नाही. आणि अशी २५ आकडी संख्या ही एकच आहे. २६ आकडी एकही नाही. म्हणजे ही शेवटची. मला त्या 'शेवटची' या शब्दानेच धरून ठेवलंय.

झालं असं की माझ्याकडे आठवीची मुलं शिकवणीला येतात, विभाज्यतेच्या कसोट्या चालू होत्या आणि मुलं कंटाळली होती, म्हणून मी त्यांना ३८१६५४७२९ ही संख्या दिली. यात १ ते ९ सगळे अंक एकेकदाच आलेत आणि हीच वरची गंमत नऊपर्यंत चालते. १ ते ९ एकेकदा वापरून असं करता येणारी ही एकमेव संख्या. पाचवा आकडा ५ च हवा, कारण शून्य वापरायचं नाहीये, दुसरा चौथा सहावा आठवा सम हवेत, म्हणजे बाकीच्या जागी विषमच, असं एकेक बांधत गेलं की हळूहळू सगळ्या वाटा बंद होतात आणि ही एकच उरते. मुलांनी फळ्यावर पाऊण तासात काढली. त्यातला एक मुलगा, फार बोलत नाही तो, म्हणाला मॅडम अंक रिपीट झाले तर चालतील असं ठेवलं तर किती लांब जाता येईल, संपेल का कधी?

तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं, इंग्रजीत याला पॉलिडिव्हिजिबल नंबर म्हणतात, आणि उत्तर हे वरचे २५ आकडे. तेव्हापासून वहीत तीनदा लिहून झालीय. कुणाला रस असेल तर हाताने तपासून बघा, मी अजून १२ पर्यंतच पोचलेय.


रामबागवाला, रविवार रात्री

ताई, धागा फार आवडला. मी बँकेतून रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, आमच्या वेळी पावकी निमकी दीडकी अडीचकी सगळं तोंडपाठ करून घेत, रात्री झोपायच्या आधी ओट्यावर बसून म्हणायचो. कॅल्क्युलेटर घेणार नाही, उद्या सकाळपासून वहीत बसतो. २ ते १२ च्या कसोट्या मला येतात. अकराला एक सोडून एक आकड्यांच्या बेरजा करायच्या आणि वजाबाकी, बारा म्हणजे तीन आणि चार दोन्हीने जायला पाहिजे. पण तेराची कसोटी आम्हाला शिकवलेली आठवत नाही. तेरासाठी काय करता?


विजयनगरी, रविवार रात्री उशिरा

मी ऑफिसच्या लॅपटॉपवर स्प्रेडशीटमधे टाकली संख्या, तर ती ३६०८५२८८५०३६८४०००००००००००… अशी दाखवते, पहिले पंधरा आकडे बरोबर आणि पुढे नुसती शून्यं!! आधी वाटलं माझंच टायपिंग चुकलं. नंतर लक्षात आलं की स्प्रेडशीट आकडा पंधरा आकड्यांपर्यंतच धरून ठेवते, पुढचं सगळं गुपचूप शून्य करते आणि सांगत पण नाही. मोबाईलचा कॅल्क्युलेटर तर ३.६०८५ आणि पुढे ई २४ असं काहीतरी देतो. म्हणजे काका तुम्ही वही घेताय तेच बरोबर आहे. किंवा मग पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, त्यात पूर्णांक कितीही मोठा चालतो, त्यात दोन ओळीत तपासलं, २ ते २५ सगळीकडे बाकी शून्य. कन्फर्म.


शिकवणीवाली

काका, तेराला असं करा. उजवीकडून तीन तीन आकड्यांचे गट पाडा आणि एक आड एक अधिक उणे करा. कारण १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३, त्यामुळे ही एकच युक्ती सात अकरा तेरा तिघांनाही चालते. पहिले तेरा आकडे ३६०८५२८८५०३६८, गट पडले ३, ६०८, ५२८, ८५०, ३६८. आता ३६८ उणे ८५० अधिक ५२८ उणे ६०८ अधिक ३, उत्तर येतं उणे ५५९. आणि ५५९ म्हणजे तेरा त्रेचाळीस. झालं, भाग गेला. चौदासाठी पण हेच, कारण सात आणि दोन. पहिले चौदा घेऊन मी आत्ता केलं तर ४२० आले, सात साठे चारशेवीस, आणि संख्या सम आहे.

१७, १९, २३ ला मात्र सरळ भागाकारच करावा लागेल बहुतेक, मला तरी दुसरं सोपं काही सापडलं नाही.


ग्वाल्हेरची

१९ ला आहे की. शेवटचा आकडा काढून त्याची दुप्पट उरलेल्या संख्येत मिळवायची, परत तेच. १७ ला शेवटच्या आकड्याची पाचपट वजा करायची, २३ ला सातपट मिळवायची. पण १९ आकडी संख्येला हे करत बसण्यापेक्षा डावीकडून बाकी पुढे नेत जाणं कमी कटकटीचं. बाकी कधीच दोन आकड्यांच्या वर जात नाही ना, म्हणून डोक्यातल्या डोक्यात होतं.


रामबागवाला, सोमवार दुपार

ताई, १६ पर्यंत सगळं जुळलं. सोळाला फक्त शेवटचे चार आकडे बघायचे, ८४००, सोळा पाचशेपंचवीस. पण सतराला अडलोय. दोनदा केलं, दोन्ही वेळा बाकी ११ येते. म्हणजे संख्या चुकीची आहे का माझं चुकतंय? विजयनगरींचं पायथन शून्य म्हणतं म्हणजे माझंच कुठेतरी, पण कुठे ते सापडत नाही आणि जेवायला उशीर झाला म्हणून घरात आवाज चढलाय.


ग्वाल्हेरची

काका तुमच्या पायऱ्या इथे टाका ना. प्रत्येक वेळी उरलेली बाकी.


रामबागवाला

घ्या. ३६ ला १७ ने भागून बाकी २. मग ०, म्हणजे २० झाले, बाकी ३. मग ८, ३८ झाले, ४. मग ४५, ११. मग ११२, १०. १०८, ६. ६८, शून्य. मग ५. ५०, १६. १६३, १०. १०६, ४. ४८, १४. १४४, ८. ८०, १२. १२०, १. शेवटी ११, बाकी ११.


ग्वाल्हेरची

सापडलं! शेवटच्या पायरीला तुमच्याकडे १ उरलाय तिथपर्यंत सगळं बरोबर आहे, पण सतरावा आकडा ७ आहे, तुम्ही १ घेतलाय. १ च्या पुढे ७ म्हणजे १७, बाकी शून्य. वहीत उतरवताना ४००७ च्या ऐवजी ४००१ लिहिलंय का बघा.


रामबागवाला, सोमवार संध्याकाळ

हो, अगदी तसंच झालं होतं. मी इंग्रजी आकडे लिहितो आणि ७ ला आडवी रेघ द्यायची सवय नाही, दुसऱ्या वेळी पण तीच उतरवलेली संख्या वापरली म्हणून परत तीच चूक. ग्वाल्हेरच्या ताईंचे मनापासून आभार. आणि बघा, एक आकडा बदलला तर सतराने लगेच पकडलं. खातेवहीत असं कुणी पकडणारं असतं तर किती रात्री वाचल्या असत्या, आम्ही सात आणि एकाच्या फरकापायी, सहा रुपयांसाठी, बँकेत नऊ नऊ वाजेपर्यंत बसलोय.

आता १८ जुळलं, अंकांची बेरीज ८१. मग १९ ला बसलो, शेवटच्या पायरीला ७६ आले, एकोणीस चोक शहात्तर, शून्य. २० ला तर ६० वर संपते, बघायलाच नको. चहा घेऊन २१ करतो.


विजयनगरी

काका ग्रेट आहात 🙏

मी काल रात्री झोपलोच नाही धड. छोटा प्रोग्राम लिहिला, १ ते ९ पासून सुरू करायचं, प्रत्येकाच्या पुढे ० ते ९ लावून बघायचं, भाग गेला तर ठेवायचं नाहीतर टाकायचं. दहा बारा ओळींचा आहे आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. अशा एकूण २०४५६ संख्या निघतात (शून्य सोडून). पण मजा त्या प्रत्येक लांबीला किती निघतात यात आहे. एक आकडी ९, दोन आकडी ४५, तीन आकडी १५०, मग ३७५, ७५०, १२००, १७१३, २२२७, नऊ आकडी २४९२, दहा आकडी परत २४९२, मग उतार लागतो, २२२५, २०४१, १५७५, ११३२, ७७०, ५७१, ३३५, १८०, ९०, ४४, १८, १२, ६, ३, आणि शेवटी १. हा शेवटचा १ म्हणजे ताईंची संख्या.

मला कळलं नाही ते हे की नऊ आणि दहा आकडी सारख्याच कशा, २४९२ आणि २४९२? प्रोग्राममधे बग आहे वाटून तीनदा चालवला.


शिकवणीवाली

बग नाही. दहाने भाग जायला शेवटी शून्यच लागतं. मग प्रत्येक नऊ आकडी संख्येला एकच संधी, शून्य लावायचं, आणि ते लावलं की भाग जातोच. एकही गळत नाही आणि एकही वाढत नाही. तसंच बघा, चार आकडी ३७५ आणि पाच आकडी ७५०, बरोब्बर दुप्पट, कारण पाचसाठी ० किंवा ५ दोन्ही चालतात, नेहमीच. आणि एकोणीस आकडी ९० मधल्या वीसला ४४ च उरल्या, कारण विसाला शेवटी शून्य आणि त्याच्या आधी सम आकडा हवा, म्हणजे त्या ९० मधल्या ४४ समवर संपत असणार.

हे लिहिताना मला काहीतरी सुचतंय, मुलं आलीत दारात, रात्री लिहिते.


बडोदेकर

इंदूरकरांच्या धाग्यात घुसतोय, माफी असावी. आमच्या बडोद्याला पण पाऊस धरून बसलाय, काही काम नाही.

हा चढ आणि मग उतार का येतो ते सोपं आहे. समजा तुमच्याकडे एखादी संख्या आहे आणि पुढच्या पायरीला तिला 'न' या कुठल्याशा संख्येने भाग जायला हवा. लावून बघायला दहा आकडे आहेत, आणि दर न संख्यांमधे एकीला भाग जातो. म्हणजे सरासरी प्रत्येक संख्येला १० भागिले न इतकी पिल्लं होतात. न दहापेक्षा लहान आहे तोवर एकापेक्षा जास्त, म्हणून घराणं वाढतं. दहाला बरोबर एक. दहाच्या पुढे एकापेक्षा कमी, म्हणून घटत जातं, आणि घटण्याचा वेग पण वाढत जातो, विसाला प्रत्येक दोनातली एकच टिकते. असं घराणं कधीतरी खुंटणारच.

या अंदाजाने नऊ आकडी किती हव्यात? ९ गुणिले १० चा आठवा घात, भागिले ९ चा क्रमगुणाकार (१ गुणिले २ गुणिले ३ असं ९ पर्यंत) म्हणजे ३६२८८०. येतात २४८०. खरे आहेत २४९२. इतकं जवळ! आणि २५ आकडींसाठी हाच हिशोब ०.५८ देतो, म्हणजे एखादी असली तर असली. आहे एक. हे नशीबच म्हणायचं.

आणि सगळ्या लांबींची बेरीज या अंदाजाने केली तर ती ०.९ गुणिले (ई चा दहावा घात उणे १) अशी होते. ई म्हणजे तोच २.७१८ वाला, चक्रवाढ व्याजात भेटतो तो. ई चा दहावा घात २२०२६.४७. उत्तर येतं साधारण १९८२३. खरी बेरीज २०४५६. भाग जातो की नाही असल्या शाळकरी खेळात ई कुठून आला हे बघून मी खुर्चीतून उठून एक फेरी मारली घरात.


पोहेजिलेबी

मी गणितवाली नाही पण वाचतेय सगळं. काका २३ झालं का?


रामबागवाला, सोमवार रात्री

झालं. २१ ला तीन तीनचे गट पाडून १७२२ आले, सात दोनशेसेहेचाळीस, आणि अंकांची बेरीज ९०, म्हणजे तीनने पण जाते. २२ ला एक आड एक बेरजा ४८ आणि ४८, अगदी तराजू. २३ ला दीड तास लागला. एकेक बाकी जपून नेली, यावेळी प्रत्येक ७ ला आडवी रेघ देऊन. शेवटी उरले २० आणि पुढचा आकडा ७, झाले २०७. तेवीसचा पाढा म्हणायला सुरुवात केली, तेवीस साते एकशे एकसष्ट, तेवीस आठे एकशे चौऱ्याऐंशी, तेवीस नव्वे दोनशे सात! बायकोला उठवून सांगितलं.

२४ आणि २५ सोपे. ६७२ ला आठने जातो, चौऱ्याऐंशी वेळा, अंकांची बेरीज १०५ म्हणून तीनने पण. आणि शेवटी २५ म्हणजे २५. पूर्ण झाली संख्या.


शिकवणीवाली, सोमवार रात्री उशिरा

काका 🙏🙏 तुमची ही पोस्ट उद्या मुलांना वाचून दाखवणार.

संध्याकाळी जे सुचत होतं ते सांगते. ही संख्या पाठ करायला पंचवीस आकडे लक्षात ठेवायची गरजच नाही. नऊ पुरे. ३६०८५२८८५. बस.

कारण दहावा आकडा शून्यच. अकराव्या जागी ० ते ९ असे दहा पर्याय, आणि लागोपाठच्या अकरा संख्यांमधे अकराने भाग जाणारी एकच असते, म्हणून दहांमधे एक तरी असेल नाहीतर नसेलच, दोन असूच शकत नाहीत. बाराला तसंच, तेराला तसंच, शेवटपर्यंत. म्हणजे पहिले नऊ ठरले की पुढचे सोळाच्या सोळा आकडे आपोआप ठरलेले. आपण फक्त ते शोधायचे.

करून दाखवते. ३६०८५२८८५० च्या पुढे काय? एक आड एक बेरजा: ३, ०, ५, ८, ५ मिळून २१, आणि ६, ८, २, ८, ० मिळून २४. नवा आकडा पहिल्या बाजूला पडतो, तिथे तीन कमी आहेत, म्हणून ३. दुसरा कुठलाच चालणार नाही. आता बारासाठी, शेवटी ३ आहे, चारने जायला ३२ किंवा ३६ हवं, अंकांची बेरीज आत्ता ४८ आहे त्यात तीनच्या पटीतलं काहीतरी मिळवायचं, २ नाही चालत, ६ चालतो. म्हणून ६. असं करत जा, एकेक आकडा हातात येत जातो, जणू संख्या आधीपासून तिथे होती आणि आपण वरची माती झटकतोय.

मी आज रात्री कागद न बघता फक्त त्या नऊ आकड्यांवरून सगळी पुन्हा उभी केली. दोन तास लागले, जुळली. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.


शून्यशोध

सगळं वाचलं, छान आहे, पण एक मुद्दा मांडतो, राग मानू नका. हा गुण त्या संख्येचा नाहीच. आपण ती दहाच्या पायात (म्हणजे ० ते ९ असे दहा अंक, आणि डावीकडचं प्रत्येक घर दसपट) लिहितो म्हणून असं दिसतं. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून दहा. तीच संख्या आठच्या किंवा बाराच्या पायात लिहा, हे 'पहिले सात आकडे' वगैरे सगळं मोडेल. मूळ संख्या असणं, वर्ग असणं हे संख्येचे स्वतःचे गुण, ते कशातही लिहा बदलत नाहीत. हे मात्र लिखावटीचे गुण. गणित आणि लिपी यात फरक करायला हवा.


बडोदेकर

शून्यशोध, मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मग प्रत्येक पायाला त्याची स्वतःची शेवटची संख्या असणार ना? हे तर आणखीच छान झालं. लहान पायांची हातानेच काढता येईल. दोनच्या पायात १ आणि मग १०, म्हणजे आपले दोन, आणि खलास, कारण तिसऱ्या पायरीला चार किंवा पाच होतात आणि तीनने दोन्ही जात नाहीत. तीनच्या पायात मी आत्ता काढलं, २००२२० पर्यंत जाता येतं, म्हणजे आपल्या पद्धतीत ५१०, सहाने पंच्याऐंशी वेळा. त्याच्या पुढे १५३०, १५३१, १५३२ यातला एक सातने जायला हवा होता, पण १५२६ जातो आणि मग एकदम १५३३. एका घराने हुकलं.


शून्यशोध

हे बघितलं नव्हतं. तुम्ही म्हणता ते पटतंय, 'प्रत्येक पायाची शेवटची संख्या' हा प्रश्न लिपीचा राहत नाही, तो नीट गणिताचा प्रश्न आहे. तीनच्या पायाचं मी पण करून पाहिलं, दुसरी एक फांदी आहे ११००२० ची, ती पण सहालाच थांबते, तिथे ९९०, ९९१, ९९२ आणि हवा होता ९९४. चारच्या पायाला बसतोय आता.


पोहेजिलेबी

मला एक सांगा, ही संख्या वाचायची कशी? कोटीच्या पुढे माझं अब्ज खर्व इथे थांबतं.


रामबागवाला

हे मला विचारा. भास्कराचार्यांनी लीलावतीत नावं दिलीत, एक दश शत सहस्र अयुत लक्ष प्रयुत कोटी अर्बुद अब्ज खर्व निखर्व महापद्म शंकू जलधी अंत्य मध्य परार्ध. प्रत्येक आधीच्याच्या दसपट. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं, अठरा आकडी. वडिलांनी पाठ करून घेतलं होतं.

पण ही पंचवीस आकडी, परार्ध पण पुरत नाही. मग परार्धच मोजायचे. उजवीकडचे सतरा आकडे बाजूला ठेवा, डावीकडे राहतात ३६०८५२८८. म्हणजे तीन कोटी साठ लाख पंच्याऐंशी हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी परार्ध, आणि वर ५०३६८४००७८६०३६७२५. आणि गंमत बघा ताई, ते ३६०८५२८८ म्हणजे आपलीच आठवी पायरी, आठने जाणारी.


पोहेजिलेबी

तीन कोटी साठ लाख परार्ध. काका हे मी मोठ्याने वाचून बघितलं दोनदा, अंगावर काटा आला.


शिकवणीवाली, मंगळवार संध्याकाळ

आजचं सांगते. मुलांना काकांची पोस्ट वाचून दाखवली, सतराची चूक पण, आणि मग संख्या फळ्यावर लिहिली आणि तो न बोलणारा मुलगा आपणहून उठला. म्हणाला मॅडम सव्वीसावा मी बघू? बाकीच्यांना मी सांगितलं होतं की सव्वीसावा नाही, पण त्याला स्वतः बघायचं होतं. मी खडू दिला.

त्याने आधी पुढे शून्य लावलं. मग तेराची ती तीन तीनची युक्ती पंचवीस आकड्यांना लावली, ५१६ आले, तेराने भागून बाकी ९. शून्य लावल्यावर दसपट, ९०, म्हणजे बाकी १२. संख्या सम आहे, म्हणून सव्वीसने पण बाकी १२ च. मग थांबला. म्हणाला सव्वीस व्हायला चौदा कमी पडतात, आणि मॅडम चौदा हा अंक नाही.

मुलं गप्प. मग मागून एक जण म्हणाला, अरे यार नऊपर्यंतच आहेत ना. त्या दोघांनी मग दहा पर्याय एकेक लिहून पण बघितले, बाकी १२, १३, १४ अशी २१ पर्यंत जाते, आणि फळा संपला.


विजयनगरी

भिया 'चौदा हा अंक नाही' 👏👏

ताई त्याला सांगा, २४ आकडी तिघी आहेत त्यांची यादी देतो, त्यातल्या दोघी २५ ला का पोचल्या नाहीत ते त्याने काढावं.

१४४४०८६४५०४८२२५६३६६०३८१६
३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२
४०२८५२१६८०७२९००८२८००९२१६


ग्वाल्हेरची

पहिली आणि तिसरी दोन्ही १६ वर संपतात! मग १६०, पंचवीसने बाकी १०, आणि हवे असतात १५. पंधरा पण अंक नाही. आणि मधलीला ७२०, बाकी २०, हवे ५.


रामबागवाला, मंगळवार रात्री

त्या दोघींवर आपण अन्याय करू नये, चोवीसपर्यंत त्या पण आल्यात. पहिलीला आज हातात घेतली. १३ ला उणे ३२५ आले, तेरा पंचवीस. १७ ला शेवटी १५३, सतरा नव्वे. आता १९ ला बसतो, हिच्यात ७ नाहीच, रेघेची काळजी नको.